कात्रणांचे सेंटिमीटर

मीडिया मॉनिटरिंग, म्हणजे कंपनीबद्दल माध्यमांत काय येतं यावर नजर ठेवणं, आता सॉफ्टवेअरच करतं, माणसं कशाला, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. सॉफ्टवेअर कीवर्ड शोधतं. उपरोध त्याला कळेलच असं नाही. 'वा, काय सेवा आहे!' हे ते खुशाल कौतुकात टाकतं. कंपनीचं नाव रोजच्या वापरातला शब्द असेल तर विचारूच नका, ढीगभर कचरा येतो. म्हणून सकाळचा अहवाल वर जाण्याआधी कुणाला तरी तो नजरेखालून घालावाच लागतो.

आणि ते छापून आलेल्या बातमीच्या कात्रणाचे सेंटिमीटर मोजून जाहिरातीच्या दराने गुणणं! तो आकडा म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे, हे जनसंपर्काच्या मोजमापासाठी २०१० मध्ये ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनीच सांगितलं होतं. तरी साहेबांना सादरीकरणात नेमका तोच हवा असतो.