शब्दचर्चा: चिनी 'चाओत्सुओ'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: चीनमधल्या सेलिब्रिटी ब्लॉगवरच्या लेखाचं भाषांतर करतेय, त्यात 'चाओत्सुओ' सारखं येतंय. डिक्शनरीत 'हाइप' दिलंय, मी 'गाजावाजा' लिहिलंय पण पटत नाहीये. आणि 'हशिए' म्हणजे सुसंवाद ना? मग 'पोस्ट हशिए झाली' म्हणजे काय??

— ताई, गाजावाजा नको, तो आपोआपसुद्धा होतो. चाओ म्हणजे कढईत मोठ्या आचेवर परतणं, आणि शेअर किंवा फ्लॅटचे भाव चढवायला जो सट्टा चालतो त्यालाही चाओच म्हणतात, म्हणजे कोणीतरी मुद्दाम बसून करायचं काम आहे हे. अभिनेत्री शू जिंगलेईचा सिना या चिनी वेबसाइटवरचा ब्लॉग 2007 मध्ये 10 कोटी क्लिकवर गेला, आणि लिहायची काय, तर शूटिंग, मांजरं, असलंच रोजचं. सिनाने 2005 पासून नामवंतांना आग्रह करकरून ब्लॉग लिहायला लावले आणि त्यांनाच पुढे केलं, मग आकडा फुगणारच की. मी तर 'हवा करणे' घेईन.

— 'हवा करणे'ला +1. फक्त चिनीत हा आरोपाचा शब्द आहे, स्वतःहून कोणी कबूल करत नाही, तेवढं वाक्यातून कळू द्या.

हशिएचं असं की राष्ट्राध्यक्ष हू जिंताओंच्या काळात 'सुसंवादी समाज' ही सरकारी घोषणा होती, त्यामुळे पोस्ट उडाली की लोक म्हणायचे तिला सुसंवादी करून टाकलं. पुढे त्या शब्दावरच फिल्टर बसायला लागले तेव्हा जवळपास तसाच उच्चार असलेला 'नदीतला खेकडा' आला. 2010 मध्ये सरकारवर टीका करणारा चित्रकार-शिल्पकार आय वेइवेइचा शांघायचा स्टुडिओ पाडायचं ठरलं तर त्याने तिथे खेकड्यांची मेजवानी जाहीर केली, त्याला बीजिंगला घरातच अडकवला, तरी लोक आले आणि खेकडे खाऊन गेले :) तेव्हा 'सेन्सॉर केली' लिहू नका, सगळा टोमणाच जाईल. 'पोस्टचा सुसंवाद केला' असंच ठेवा, विचित्र वाटलं तर वाटू दे.

— हवा करणारे आणि सुसंवाद करणारे वेगळे नाहीत हेही बघा. वरून फतवा आला की पोस्ट उडवायची ती सिनाच्याच माणसांनी. सिनाच्याच वेइबो या ट्विटरसारख्या साइटवरची हॉट सर्च यादी (लोक सध्या काय शोधतायत ती) जून 2020 मध्ये सरकारने आठवडाभर बंद ठेवायला लावली, 2021 मध्ये अभिनेत्री झाओ वेइचं नाव सिरियलींच्या श्रेयनामावलीतून रातोरात गेलं, कारण आजतागायत कोणी सांगितलं नाही. त्यामानाने ब्लॉगर हान हान हुशार, 2010 मध्ये तुरुंगातल्या लिऊ शियाओबोला शांततेचं नोबेल जाहीर झालं त्या दिवशी त्याने नुसती अवतरणचिन्हं पोस्ट केली, मधे काहीच नाही. वाचकांना कळायचं ते कळलं.

प्रश्न: भारी! अजून एक, 'त्याला चहाला बोलावलं' हे 'चहापाणी झालं' केलं तर?

— अहो नको नको, उलटा अर्थ होईल! आपल्याकडे चहापाणी म्हणजे साहेबाला चारलेले पैसे, तिथे चहाला बोलावतात पोलीस, आणि तुम्ही काय लिहिता, कोणाला भेटता ते विचारत बसतात. आपल्या पेपरांत 'समज देऊन सोडलं' छापतात ना, ते चालेल. पण पहिल्यांदा येईल तिथे चहा राहू द्या, पुढे नुसतं 'समज दिली'.