आइस पॅकमधल्या लघवीच्या नमुन्यांत क्रिस्टल जास्त का दिसतात?

प्रश्न – लॅब_टेक_मिरज
कलेक्शन सेंटरचे नमुने आइस पॅकमध्ये येतात, पोचायला 4-5 तास लागतात. मुतखड्याच्या रुग्णांत कॅल्शियम ऑक्झलेट आणि अमॉर्फस युरेट (ठरावीक आकार नसलेले युरेटचे कण) भरपूर दिसतात. त्याच रुग्णाची ताजी लघवी तपासली की फील्ड (मायक्रोस्कोपखाली दिसणारा भाग) स्वच्छ. आम्ही नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये 3000 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 5 मिनिटं फिरवतो. चूक कुठे होतेय?

उत्तर – सेडिमेंट
बर्फ हेच कारण. थंडीत विद्राव्यता घटते आणि क्रिस्टल बाटलीतच तयार होतात. 37 अंशांना गरम केल्यावर युरेट बरेचसे विरघळतात, ऑक्झलेटची मात्र खात्री नाही. म्हणजे गरम करून जुना नमुना 'ताजा' होत नाही. बाहेर ठेवलात तर दुसरी आफत: युरिया फोडणारे जंतू पीएच वाढवतात आणि ट्रिपल फॉस्फेट (मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट) दिसू लागतात. क्रिस्टलसाठी सकाळची पहिली, मधल्या धारेची लघवी लॅबमध्येच घ्या, फ्रिजमध्ये न ठेवता 2 तासांच्या आत बघा. पीएच त्याच वेळी नोंदवा. आम्लधर्मी लघवीत युरिक ॲसिड आणि सिस्टीन (एक अमिनो ॲसिड), पीएच 7 च्या वर ट्रिपल फॉस्फेट. निष्कर्ष पीएचशी जुळत नसेल तर स्लाइड पुन्हा बघा.

उत्तर – रोटर
आरपीएमवर जाऊ नका, जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर पडतो ते) मोजा: 0.00001118 × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. 10 सेंमी त्रिज्येला तुमचे 3000 म्हणजे सुमारे 1000 जी, हे फार झालं. 400 जी पुरे, त्याच रोटरला अंदाजे 1900 आरपीएम. 10 मिली घ्या, 5 मिनिटं फिरवा, ब्रेक लावू नका (गाळ उसळतो). 0.5 मिली ठेवून वरचं काढून टाका, गाळ हलक्या हाताने मिसळा, 20 मायक्रोलिटर थेंबावर 22×22 मिमी कव्हरस्लिप. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) खाली, डायफ्राम (प्रकाशाची झडप) आवळलेला, नाहीतर पारदर्शक क्रिस्टल सुटतात.

प्रश्नकर्ता
धन्यवाद सर. मोनोहायड्रेट ऑक्झलेट (कॅल्शियम ऑक्झलेटचाच एक प्रकार) आणि आरबीसीत (लाल रक्तपेशी) गोंधळ होतो, त्याचं काय?

उत्तर – सेडिमेंट
अंडाकृती मोनोहायड्रेट फसवतंच. 2 टक्के ॲसेटिक ॲसिडचा थेंब कव्हरस्लिपच्या कडेने सोडा: आरबीसी फुटतात, ऑक्झलेट तसंच राहतं. पोलराइज्ड (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात मोनोहायड्रेट झगझगीत उजळतं, आरबीसी काळ्या पार्श्वभूमीत गायब. षटकोनी दिसलं तर लगेच सिस्टीन लिहू नका, युरिक ॲसिडही कधीकधी षटकोनी येतं. ते पोलराइज्ड प्रकाशात रंगीत चमकतं, सिस्टीन जेमतेम. शिवाय सिस्टीन पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळतं, युरिक ॲसिड विरघळत नाही. सायनाइड-नायट्रोप्रुसाइड (सिस्टीनची रासायनिक चाचणी) करूनच सिस्टीन रिपोर्टवर घ्या, कारण सिस्टीन थोडं असलं तरी ते नॉर्मल धरत नाहीत. दोनचार ऑक्झलेट मात्र निरोगी माणसातही सापडतात.