तुम्ही कसं म्हणता? संगणकातली लघुरूपं आणि आपले अनुभव

कोरीपाटी
आज माळ्यावरचं खोकं उतरवलं, त्यात शिकत असतानाची वही सापडली. शेवटच्या पानावर मी स्वतः केलेली अनुक्रमणिका आहे. निळ्या शाईत 'सीक्वल – पान १४', आणि चार ओळी खाली 'एसक्यूएल – पान ५२'. दोन वेगळ्या नोंदी! मला तेव्हा खरंच या डेटाबेसमधून माहिती काढायच्या दोन वेगळ्या भाषा वाटायच्या. सर 'सीक्वल' म्हणायचे, पुस्तकात तीन अक्षरं छापलेली असायची, आणि या दोहोंचा संबंध कुणी जोडून दिलेला नव्हता. पान ५२ च्या समासात लिहिलंय, 'सीक्वलसारखीच दिसते. फरक विचारणे.' विचारलं कधीच नाही. हात वर करायचा धीर नव्हता.

पुढे कारण कळलं तेव्हा फार बरं वाटलं. १९७४ मध्ये आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा मांडली तेव्हा तिचं नावच सीक्वल होतं. ते नाव विमानं बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून स्वर गाळले आणि तीन व्यंजनं उरली. म्हणजे सर जुनं नाव घेत होते आणि पुस्तक नवं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या माहितीपुस्तिकेत तर लिहिलंय की अधिकृत उच्चार 'माय एस-क्यू-एल', पण कुणी 'माय सीक्वल' म्हटलं तरी आमची हरकत नाही.

इंग्रजीत तीन अक्षरं लिहून मोकळं होता येतं, उच्चार वाचणाऱ्याने बघून घ्यावा. देवनागरीत लिहायला बसलं की ठरवावंच लागतं. माझ्या वहीत एका भाषेच्या दोन झाल्या त्या त्यामुळेच. तुमच्याही अशा आठवणी असतील, लिहा ना.

रातकिडा
ती हलती चित्रं असतात ना, जी-आय-एफ? जिफ. जिराफातला जि. विषय संपला.

अर्धविराम
संपला कसा? ग्राफिक्समधला ग आहे तो. गिफ.

रातकिडा
मग फोटोंच्या फाइलचा तो जेपेग, त्यातला प फोटोग्राफिकचा आहे, तुम्ही 'जेफेग' म्हणता का? :)
आणि ज्यांनी १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीत जिफ हा प्रकार तयार केला, त्या स्टीव्ह विल्हाइट यांना २०१३ मध्ये इंटरनेटवरच्या कामासाठीचा वेबी पुरस्कार मिळाला. तिथे पाचच शब्दांत बोलायची मुभा असते. ते बोललेच नाहीत, पडद्यावर एक चित्र हलतं केलं. उच्चार 'जिफ' आहे, 'गिफ' नाही, एवढंच त्यावर होतं. आयुष्यभराच्या कामाचा पुरस्कार घेताना माणसाला हेच सांगावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. २०२२ मध्ये गेले ते.

अर्धविराम
हे माहीत नव्हतं. तोंडात गिफच येणार, आता सवय जायची नाही. पण आदर वाढला.

शेवंती
कपडे वाळत घालता घालता लिहितेय, चुका समजून घ्या.
नवी टीम, पहिलाच आठवडा, फोनवर मीटिंग. सगळे म्हणतायत 'ज्योत एक्स्पायर होतेय', 'आधी ज्योत रिफ्रेश करा'. मी वहीत लिहिलं, ज्योत. वाटलं, एखाद्या मोड्यूलला ठेवलेलं नाव असेल. दोन दिवस अख्ख्या कोडमध्ये ज्योत शोधली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, जॉट. जे-डब्ल्यू-टी." जेसन वेब टोकन, लॉगिन केल्यावर मिळणारं ओळखपत्रच म्हणा! ते मी वाचलेलं होतं, वापरलेलंही होतं, पण मनात कायम तीन सुटी अक्षरं. त्याचा अधिकृत दस्तऐवज, आरएफसी ७५१९, उघडून बघा, सुरुवातीलाच दिलंय की सुचवलेला उच्चार इंग्रजीतल्या 'जॉट' शब्दासारखा.
ती हसली नाही हो. माझी वही ओढून घेतली आणि 'ज्योत'च्या शेजारी कंसात तीन अक्षरं लिहून दिली. अजून मैत्रीण आहे ती माझी.

पुनश्च
ज्योत एक्स्पायर झाली!! शेवंती, संध्याकाळ सुधारलीत.

उंबरठा
मला मात्र कुणी वही ओढून लिहून दिलं नाही. पहिलं प्रेझेंटेशन होतं, पंधरा-सोळा माणसं समोर. मी 'एएससी-टू' म्हटलं. आस्की म्हणजे प्रत्येक अक्षराला एक आकडा देणारी पद्धत; इंग्रजीत लिहिताना तिच्या शेवटी दोन 'आय' असतात ना, ते मला नेहमी रोमन दोनच वाटत आले. पुस्तकात तसेच तर दिसतात. एका ज्येष्ठांनी मला मध्येच थांबवलं, मोठ्याने 'टू?' विचारलं आणि सगळे हसले. पुढच्या स्लाइडवर सात बिट, १२८ चिन्हं, कॅपिटल आणि लहान अक्षरात फक्त एका बिटाचा फरक कसा, हे सगळं मला नीट येत होतं. 'ए' ६५ आणि लहान 'ए' ९७ हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण आवाज बसला तो बसलाच.
घरी येऊन खूप रडले. आज इतक्या वर्षांनी एवढंच म्हणेन की मी ते एकटीने, पुस्तकातून शिकले होते. आस्की हा शब्द माझ्या कानावर पडणार कुठून? उच्चार चुकला, आकडा एकही चुकला नव्हता.

कोरीपाटी
उंबरठाताई, वाचून गलबलून आलं. माझा हात वर झाला नाही तो याच भीतीने.

शेवंती
ताई, घट्ट मिठी. मीही ते दोन 'आय' कितीतरी वर्षं रोमन दोन समजत होते, खरंच.

जुनी_केबल
आम्हा हार्डवेअरवाल्यांचं वेगळंच. डिस्क संगणकाला जोडायची ती जुनी पद्धत, खोक्यावर छापलेलं एस-सी-एस-आय आणि तोंडात 'स्कझी'. एकदा स्टोअरमध्ये स्कझी केबल मागितली. क्लार्कसाहेबांनी नोंदवही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, म्हणाले असला माल आपल्याकडे येतच नाही. त्यांच्या मागच्या रॅकवर बारा पडल्या होत्या, लेबलावर चार अक्षरं. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "मग ते स्कझी कुठून आलं?" त्यांचा प्रश्न रास्तच होता. तेव्हा एकामागे एक जोडलेल्या डिस्कच्या साखळीच्या टोकाला टर्मिनेटर, म्हणजे साखळी बंद करणारा तुकडा, बसवायला विसरलं की डिस्क दिसायच्याच नाहीत, सगळं उघडून पुन्हा... जाऊ दे, तो वेगळा धागा होईल.

पुनश्च
काढा तो धागा, मी येतो. आमच्याकडे दोन डिस्कना एकच आयडी दिला होता, पूर्ण रविवार गेला होता.

जुनी_केबल
आयडी सात कंट्रोलरला सोडायचा, हे आम्ही भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं.

ऐकून_वाचतो
मी दृष्टिहीन आहे, प्रोग्रॅमर आहे. तुम्ही लघुरूपं डोळ्यांनी बघता आणि मग उच्चार ठरवता. माझं उलटं. मला उच्चार आधी मिळतो, आणि तो माणसाचा नाही, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा, स्क्रीन रीडरचा. त्याचा आवाज जी-यू-आयला, म्हणजे खिडक्या-बटणांच्या पडद्याला, 'गुई' म्हणायचा, म्हणून मी वर्षभर गुईच म्हणत होतो. लोक 'गूई' म्हणतात ते मला त्याच शब्दाचं लाडाचं रूप वाटायचं.
खरा त्रास पुढे आहे. यंत्राला स्वर दिसला की ते शब्द म्हणून वाचतं, नाही दिसला तर अक्षरं सुटी करतं. त्यामुळे एकाच ओळीत अर्ध्या गोष्टी शब्द होतात, अर्ध्या अक्षरं. पण मी वापरतो त्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये उच्चारकोश असतो. हा शब्द दिसला की त्याऐवजी अमुक वाच, अशी नोंद करायची. माझ्या कोशात आज तीनशेच्या वर नोंदी आहेत. पहिली नोंद मला पाठ आहे, एसक्यूएल. कोरीपाटी, तुमच्या दोन्ही नोंदी माझ्याकडे आहेत बघा! कामाच्या प्रोफाइलमध्ये 'सीक्वल', कारण लहान शब्द लवकर संपतो आणि मी वेगात ऐकतो. शिकवतो तेव्हाच्या प्रोफाइलमध्ये 'एस क्यू एल', कारण विद्यार्थ्याला टाइप करायचं असतं ते कानावर पडायला हवं.
दुसऱ्या एका स्क्रीन रीडरचं नाव जॉज. जॉब ॲक्सेस विथ स्पीच. तिथे मात्र लघुरूपाचा नेमका शब्द केलाय.

कोरीपाटी
तीनशे नोंदी! हे वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. दोन प्रोफाइलची कल्पना मी माझ्या विद्यार्थ्यांना उद्याच सांगणार.

घारी
पीएनजी, हा चित्रांच्या फाइलचा आणखी एक प्रकार, म्हणजे 'पिंग'. १९९६ च्या मूळ विनिर्देशात तसं स्पष्ट लिहिलंय. पण एक तरी माणूस तसं म्हणताना ऐकलाय का कुणी? नेटवर्कवाले तर समोरचं यंत्र उत्तर देतंय का बघायला आधीच पिंग करत बसलेले असतात.

फळा_खडू
मी प्रोग्रॅमिंग शिकवते. कॅरेक्टर, म्हणजे एक अक्षर साठवायचा प्रकार, त्याचं सी-एच-ए-आर हे लघुरूप 'चार' म्हणायची सवय होती. एकदा वर्गाला तोंडी ओळ सांगितली: "चार कोड, कंसात चार." फिरून बघते तर तिघांच्या पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला आकडा ४. कंपायलर ओरडतोय, पोरं गोंधळली आहेत, आणि चूक त्यांची नाहीच. मराठी कानाला चार म्हणजे चारच. त्या दिवसापासून वर्गात 'कॅर'. काही पुस्तकी मंडळी नाक मुरडतात, मुरडोत. माझ्या मुलांचा प्रोग्रॅम चालला पाहिजे.

अर्धविराम
मराठी कानावरून आठवलं, क्लाउडवाल्यांची ए-एम-आय. मशीन इमेज, म्हणजे सर्व्हरचा तयार साचा. एक जण 'आमी' म्हणतो. 'आमी बनवली', 'आमी उडवली'. दर वेळी मला वाटतं, कोणी कोणी?

रातकिडा
आणि रॅमवरचा चंद्र राहिला की ८ जीबी रम :)

समास
टी-ई-एक्स, तो पुस्तकं-प्रबंध टंकायचा प्रोग्रॅम. टेख. शेवटी ख, क्स नाही. तो बनवणाऱ्या डोनाल्ड कनूथ यांनी स्वतः लिहून ठेवलंय की ते शेवटचं अक्षर इंग्रजी एक्स नसून ग्रीक 'खी' आहे, आणि उच्चार नीट केलात तर समोरचा पडदा किंचित ओला होईल. प्रबंध लिहीत होतो तेव्हा मार्गदर्शकांनी त्यावरच उभं असलेलं 'लाटेख' शिका म्हणून सांगितलं. मी ऐकल्यावरहुकूम शोधलं, काही मिळेना. मग मित्राने कागदावर एल-ए-टी-ई-एक्स लिहून दिलं तसं शोधलं तर लेटेक्सचे रबरी हातमोजे! पण टंकन बघितल्यावर प्रेमात पडलो ते कायमचं. आपल्याकडे ख आहे, तर आपण तरी तो उच्चार जपूया. इंग्रजी बोलणाऱ्यांना जड जातो, आपल्याला कशाला जावा?

उंबरठा
समास, हे आवडलं. मी आजपासून टेख.
आणि सगळ्यांचे आभार. हे मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं.

पुनश्च
ई-ई-पी-रॉमला काय म्हणता? वीज गेली तरी माहिती जपणारी ती चिप, दोन 'ई'वाली.

घारी
कोरीपाटी, वहीच्या त्या पानाचा फोटो टाका ना. पान ५२ चा समास बघायचाय.

कोरीपाटी
टाकते. शाई फिकी झालीय, दिवसाच्या उजेडात काढते. 'फरक विचारणे'च्या पुढे आज उत्तर लिहिलंय, त्यासकट.

जुनी_केबल
@पुनश्च, डबल-ई-प्रॉम.