साहेब दारात, मालक बाहेरगावी

हिशेबनीस: परवा दुपारी आमच्या वर्कशॉपमध्ये जीएसटीचे तीन अधिकारी आले. आधी ना फोन, ना पत्र. मालक बाहेरगावी. मी खुर्च्या दिल्या आणि म्हटलं, "साहेब, ओळखपत्र आणि तपासणीचा आदेश दाखवता का?" एकाच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण कागद निघाला. नावं आणि वेळ रजिस्टरात लिहिली, मगच कपाटाची किल्ली काढली. संध्याकाळी मालक माझ्यावरच उखडले, "त्यांना कायदा शिकवायला कोणी सांगितलं होतं?" माझं चुकलं का?

फाईलवाला: चुकलंच, ताई. कागद मागायचा, पण पाणी, चहा झाल्यावर. दारातच अडवलेला माणूस मग खुन्नस ठेवून फायली चाळतो. बरीच वर्षं बघतोय हे.

कलम-सदुसष्ट: चहा द्या हो, पण आदेश बघितल्याशिवाय किल्ली नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 67 खाली झडती-तपासणीला सहआयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आयएनएस-01 नमुन्यात. केंद्राच्या अशा पत्रांवर 8 नोव्हेंबर 2019 पासून डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, तो खात्याच्या साइटवर पडताळता येतो. तोतया असेल तर तिथेच कळेल.

फाईलवाला: पडताळायला दोन मिनिटं, साहेबांचा राग दोन वर्षं! धंदा मालकाला करायचाय, तुम्हाला नाही.

स्टोअरकीपरचा शेजारी: तुम्ही दोघं कागदावरच भांडताय. खरा घोळ बोलण्यात होतो. आमच्या स्टोअरवाल्याला विचारलं, हे किती नग? घाबरून म्हणाला, "असतील दोनशे." ते जबाबात गेलं, याने न वाचताच सही ठोकली. स्टॉक रजिस्टरमध्ये एकशे चाळीस. उरलेले साठ गिऱ्हाइकाचे, जॉबवर्कला आलेले. चलन त्याच्याच ड्रॉवरमध्ये होतं! पुढे कित्येक महिने खुलासे लिहीत बसलो. आता एकच माणूस बोलतो, आणि ठाऊक नसेल तर "बघून सांगतो" म्हणतो.

फाईलवाला: दहादा "बघून सांगतो" म्हटलं की लपवाछपवीचा वास येतो. पण सहीचं पटलं.

हिशेबनीस: आणि तिथल्या तिथे कर भरा म्हणाले तर?

कलम-सदुसष्ट: 25 मे 2022 ची केंद्रीय खात्याची सूचना आहे, झडती-तपासणी चालू असताना वसुली करायची नाही. स्वतःहून भरायचं असेल तर त्यासाठी डीआरसी-03 हा नमुना आहे, पण ते सीएंना विचारून. जप्त केलेल्या कागदांच्या प्रतीही मागा, तो तुमचा हक्क आहे.

फाईलवाला: हक्क, हक्क! एकदा समोर बसा त्यांच्या, मग बोलू.

हिशेबनीस: मी बसले होते, चार तास. आज मालकांनी ते रजिस्टर मागवून घेतलं, पानाचा फोटो काढून सीएंना पाठवला. माझ्याशी मात्र अजून धड बोललेले नाहीत.