मदत हवी आहे: बियांसाठीच्या भांगेचा शेंडा खुडावा का?
उत्तराखंडात परवान्यावर औद्योगिक भांग (टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या आत) घेणाऱ्यांना विचारतोय. पीक बियांसाठी, ओळींत ६० सें.मी. आणि रोपांत ३० सें.मी. अंतर. धाग्याच्या पिकात चौरस मीटरला १०० च्या वर रोपं असली की सावलीमुळे बगलेतले डोळे फुटत नाहीत, खोड सरळ जातं. अडचण विरळ पिकाची आहे.

पाचव्या-सहाव्या पेरावर शेंडा खुडला की पानं समोरासमोर असल्याने लगतच्या पेरातून दोन फांद्या जोरात उठतात. मग खालचे डोळे पुन्हा दबतात, आणि पावसाळी वाऱ्यात नेमका त्या दोन फांद्यांचा बेचका चिरतो.

या दोन्ही फांद्या तिसऱ्या पेरावर परत खुडाव्यात, की शेंडा न तोडता नुसता वाकवून बांधावा? दिवस लहान होताच फुलोरा धरतो, तर तुमच्या गावाच्या उंचीवर दुसरी खुडणी कधीपर्यंत चालते? पानं एकाआड एक येऊ लागली की उशीर झाला, असं माझं मत. फांद्या जास्त झाल्या की बी एकदम पिकत नाही, आधी पिकलेलं गळतं. कापणी कशी साधता तेही सांगा. वाण आणि गावाची उंची नक्की लिहा.