मदत हवी आहे: को-लीडर सोडून गेली, शनिवारी मीटिंग आहे

सई_पी
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. लेकीच्या ट्रूपची लीडर आहे. को-लीडर मध्येच सोडून गेली. बाकीचे पालक पोरींना दारात उतरवतात आणि गाडी वळवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कोणी थांबेल का' विचारलं की अंगठे येतात, माणूस येत नाही. शनिवारी मीटिंग, पुढच्या आठवड्यापासून बूथ. नवरा म्हणतोय मी बसतो तुझ्याबरोबर. तेवढ्यावर भागेल ना? लवकर सांगा प्लीज.

रानजाई
ट्रूप कसला? नाटकाचा की लेझीमचा? आणि बूथ म्हणजे मतदानाचा का? कोणती निवडणूक आहे आत्ता?

गाईडर_सुनंदा
स्काऊट-गाईडचं पथक दिसतंय. मी पुण्यात शाळेत गाईड कॅप्टन होते, आता निवृत्त. ताई, आधी हे सांगा, मुली बुलबुल, म्हणजे लहान गटातल्या, आहेत की गाईड? पथक शाळेचं की खुलं? तुमचा बेसिक कोर्स झालाय का? शाळेचं असेल तर मुख्याध्यापिकांना लेखी पत्र द्या, जोडीला दुसऱ्या बाई त्यांनीच द्यायला हव्यात. मुली गाईड वयाच्या असतील तर तृतीय सोपानाची, म्हणजे गाईडच्या तिसऱ्या पायरीची, तयारी आत्तापासून धरा, म्हणजे राज्य पुरस्काराला धावपळ होत नाही.

सई_पी
अहो सुनंदाताई, शाळा नाही नि मुख्याध्यापिकाही नाहीत. न्यू जर्सीत आहे मी. गर्ल स्काऊट्स, म्हणजे इथलं मुलींचं स्काऊट-गाईड, त्यांचं पथक म्हणजे ट्रूप. आणि कुकी बूथ, म्हणजे दुकानाच्या दारात टेबल मांडून पोरी बिस्किटं विकतात ते. मला वाटलं बूथ म्हटल्यावर कळेल.

रानजाई
कसं कळणार? आम्ही सांगलीत बसलोय.

डॅलसकर
सई, मुली कितवीतल्या? किती आहेत? गेलेली को-लीडर फक्त यायची बंद झालीय की कागदोपत्रीही गेलीय? या तीन गोष्टी न सांगता कोणी काही सांगितलं तर ऐकू नकोस.
तोवर नवऱ्याचं सांगते: नाही भागणार. दोन मोठी माणसं लागतात, दोघंही गर्ल स्काऊट्सचे मेंबर, दोघांचा बॅकग्राउंड चेक (पूर्वी काही गुन्हा नाही ना याची तपासणी) झालेला, एकमेकांच्या नात्यातली नकोत आणि दोघांत निदान एक बाई हवी. नवरा-बायको नात्यातलीच धरतात. तो तिसरा म्हणून खुशाल येऊ दे, खुर्च्या लावेल.

सई_पी
दुसरी-तिसरीतल्या, म्हणजे ब्राउनी गटातल्या. 14 जणी. को-लीडरच्या नवऱ्याची बदली झाली, कॅलिफोर्नियाला गेले ते. सासूबाई आल्यात इथे सहा महिन्यांसाठी. त्या बसल्या तर?

डॅलसकर
सासूबाई नात्यात येत नाहीत का? :)
14 ब्राउनींच्या मीटिंगला दोन जणी पुरतात, ती मर्यादा 20 पर्यंत आहे. बाहेर कुठे नेलंत की दोघींवर 12च. म्हणजे सहलीला तुला तिसरं माणूस लागणारच, ते आत्ताच धरून चाल.

सडेतोड
मला एक कळत नाही. सात-आठ वर्षांच्या पोरींना ऐन थंडीत दुकानाच्या दारात उभं करून बिस्किटं विकायला लावायची, आणि याला म्हणायचं नेतृत्वगुण. आपल्याकडे कोणी केलं असतं तर बालमजुरी म्हणून बोंब झाली असती. त्यापेक्षा मंडळाच्या मराठी शाळेत घाला मुलीला, चार श्लोक तरी येतील.

कांदेपोहे_फ्रीमाँट
सडेतोड, तुम्ही कधी बूथवर उभे राहिलात का? माझी लेक हातच्याची वजाबाकी तिथे शिकली. आमच्याकडे तेव्हा डबा 6 डॉलरला होता. गिऱ्हाईकाने तीन डबे घेऊन विसाची नोट दिली की ती टेबलाखाली बोटं मोडत हिशेब करायची. तिसऱ्या शनिवारी बोटं बंद. शिवाय नफ्यातला वाटा ट्रूपलाच मिळतो, त्यातून काय करायचं ते पोरी ठरवतात. मराठी शाळेतही जाते ती, रविवारी. दोन्ही जमतं.

सडेतोड
आणि उरलेली बिस्किटं? ती कोण खातं ते सांगा की. आईबाप ऑफिसात नेऊन सहकाऱ्यांच्या गळ्यात मारतात, हेच ना नेतृत्व?

कांदेपोहे_फ्रीमाँट
ते मात्र खरंय. :)

सई_पी
अहो, माझा प्रश्न शनिवारचा आहे. गॅरेजमध्ये खोके छताला लागलेत, गाडी बाहेर बर्फात उभी आहे, आणि इथे बालमजुरीवर परिसंवाद चाललाय.

सह्यवेडा
बेडन पॉवेलने काढलेली स्काऊटची चांगली चळवळ अमेरिकनांनी दुकानदारी करून टाकली, दुसरं काय.

डॅलसकर
गर्ल स्काऊट्स ज्युलिएट गॉर्डन लो यांनी काढली, अमेरिकेतल्या सव्हाना शहरात, 12 मार्च 1912ला, 18 मुली घेऊन. त्या बेडन पॉवेलना भेटून प्रेरणा घेऊन आल्या होत्या हे खरं. पण सईला याचा शनिवारी काय उपयोग?

सई, माझा उपाय. तुझ्या सर्व्हिस युनिटला (आपल्या भागातले ट्रूप सांभाळणारा गट) आजच विचार की जवळपास दुसरा ब्राउनी ट्रूप कुठला आहे. शनिवारी दोन्ही ट्रूप एकत्र घ्या. त्यांच्या लीडरचे चेक झालेलेच असतात, त्यामुळे नवीन कागद लागत नाहीत. फक्त मुली 20च्या वर गेल्या तर मोठी माणसं वाढवावी लागतील, तेवढं मोजून घे. नाही जमलं तर मीटिंग पुढे ढकल. एकटीने घेऊ नकोस, कितीही भरवशाच्या घरच्या पोरी असल्या तरी. उद्या कोणी पडली, तुला तिला घेऊन दवाखान्यात जावं लागलं, तर मागे उरलेल्या तेरा जणींकडे कोण बघणार?
हेच बूथला. तिथेही दोन मोठी माणसं हवीत, गल्ला आहे आणि रहदारीही.

गाईडर_सुनंदा
हे मला पटलं. आमच्याकडे बुलबुलच्या पथकात सहा-सहाच्या तुकड्या असतात, फार तर 24 मुली. तुमच्या 14 जणींच्याही तुकड्या पाडा आणि प्रत्येकीत एक नायिका नेमा. हजेरी, चटया, पाण्याच्या बाटल्या सगळं त्या बघतात. निम्मा आवाज तिथेच कमी होतो. मोठ्या माणसाची जागा त्या घेत नाहीत, पण मोठ्या माणसाचा जीव वाचवतात.

कांदेपोहे_फ्रीमाँट
इथेही आहे ते, केपर चार्ट म्हणतात. आम्ही कागदी थाळीवर कामं लिहिली आणि कपड्यांच्या चिमट्यांवर नावं. दर वेळी चिमटे एक घर पुढे. 'झाडू' माझ्याकडे का, यावर रडारड होते, पण चिमटा कोणी मुद्दाम हलवलेला नसतो त्यामुळे कोणाला काही बोलता येत नाही.

मनीमाऊ_एडिसन
पोरींच्या गणवेशाच्या व्हेस्टवरचे बॅज इस्त्रीने अजिबात चिकटवू नका हं. पहिल्या धुण्यातच कडा सुटतात. सरळ सुई-दोरा घ्या. सासूबाई आल्यात ना, त्यांना द्या.

सई_पी
बॅजबद्दल मी विचारलं नव्हतं, पण थँक्यू, कडा खरंच सुटल्यात.
पालकांचं काय करू? 14 घरं आहेत, एकही हलत नाही.

डॅलसकर
ग्रुपवर विचारूच नकोस. 'कोणी येईल का' याचं उत्तर कायम 'कोणीतरी येईल' असतं. एकेकीला फोन कर आणि नेमकं काम दे. "तू दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी 10 ते 11:30 बसशील का? शिकवायचं काही नाही." "तू फक्त कुकीजचा हिशेब बघ." छोटं काम दिलं की लोक हो म्हणतात. जी हो म्हणेल तिची मेंबरशिप आणि चेक त्याच दिवशी सुरू कर, त्याला वेळ लागतो. बाबांनाही विचार. तू असलीस की दुसरा माणूस पुरुष चालतो. आमच्या ट्रूपचा कुकीवाला एक बाबाच आहे, एक्सेल उघडून बसतो आणि सुखी असतो.

विश्रांतवाडीकर
धाग्याशी संबंध नाही, पण गर्ल स्काऊट म्हटल्यावर आठवलं. आमच्या आळंदी रोडला 'संगम' आहे ना, गर्ल गाईड्सचं जागतिक केंद्र. मी लहानपणी रोज तिथून जायचो, मला वाटायचं परदेशी लोकांचा आश्रम आहे.

गाईडर_सुनंदा
होय, 1966 साली सुरू झालं. अशी केंद्रं स्वित्झर्लंड आणि मेक्सिकोतही आहेत. सईताई, भारतात आलात तर लेकीला तिथे घेऊन जा, इकडे यायला आणखी एक निमित्त. 22 फेब्रुवारीला स्काऊट-गाईडचा जागतिक चिंतन दिन आहे, त्या मीटिंगला पोरींना संगमबद्दल सांगा. ब्राउनींना पुणे नकाशावर शोधायला लावा.

सई_पी
हे सुंदर आहे, करते नक्की.
अपडेट: शेजारच्या गावातला ट्रूप मिळाला. त्यांच्या सहाच जणी आहेत, म्हणजे बरोबर 20. शनिवार सुटला. तीन आयांना फोन केले, दोघींनी कारणं सांगितली, तिसरीने फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो येतो म्हणाला. चेकची लिंक पाठवलीय.

डॅलसकर
छान! आता एक राहिलं. ट्रूपच्या बँक खात्यावर सह्या कोणाच्या आहेत?

सई_पी
माझी आणि तिची. का?

डॅलसकर
ती कॅलिफोर्नियात आहे ना? खात्यावर नात्यात नसलेली दोन माणसं लागतात. बूथ सुरू होण्याआधी तिचं नाव काढून दुसरं घाल, कौन्सिलचं (आपल्या विभागातल्या गर्ल स्काऊट्स संस्थेचं) पत्र लागतं का ते बँकेला आधी विचार. आणि काहीही झालं तरी कुकीजचे पैसे 'तात्पुरते' म्हणून स्वतःच्या खात्यात टाकू नकोस.

सई_पी
नवऱ्याचं घालू का?

डॅलसकर
सई!!

सडेतोड
थिन मिंट्स (त्या बिस्किटांतला एक प्रकार) उरले तर कळवा. तत्त्वाला विरोध कायम आहे, पण फ्रीजरमध्ये ठेवलेले बरे लागतात.