मदत हवी आहे: डी अँड डी खेळताना टेबलावरचे लॅपटॉप आणि नियमांची पुस्तकं

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जण दोन वर्षांपासून दर शनिवारी रात्री आमच्याकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) खेळतो, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. पाच खेळाडू, आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, बाकीची सगळी पात्रं वठवणारा आणि नियमांचा निकाल देणारा. गेल्या शनिवारपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून विचारतोय.

दोन महिने ज्या मांत्रिकाच्या मागावर सगळे होते, तो अखेर समोर आला. त्याने फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकायला हात उचलला आणि आमची विझर्ड (जादूगाराचं पात्र खेळणारी) ओरडली, "काउंटरस्पेल!" म्हणजे समोरच्याचा मंत्र रद्द करणारा मंत्र. सगळे श्वास रोखून बसलेले. तेवढ्यात एक जण म्हणाला, "फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा, म्हणजे आपोआप रद्द." दुसऱ्याने लॅपटॉपवरून वाचून दाखवलं, "नाही, त्याला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह मिळतो." (सेव्ह म्हणजे फासा टाकून वाचायची संधी, इथे पात्राच्या काटकपणावर.) दोघांचंही बरोबर होतं! एकाच्या हातात २०१४चं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक, दुसऱ्याच्या स्क्रीनवर २०२४चं. कुठलं धरायचं हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. वीस मिनिटं त्यात गेली. मी निकाल दिला तोवर एकीने ऑफिसची मेल उघडली होती, एक जण चहा टाकायला उठला होता. मांत्रिक मेला, पण कोणी साधी टाळीसुद्धा दिली नाही. मला फार लागलं ते.

आवृत्तीचं ठरवता येईल. माझा खरा प्रश्न लॅपटॉपचा आहे. तीन लॅपटॉप उघडे असले की मला समोरचे चेहरेच दिसत नाहीत. गावातली म्हातारी होऊन मी बोलत असतो आणि उत्तराला फक्त कीबोर्डचा आवाज. पुस्तकाचं तसं होत नाही. ते टेबलावर आडवं पडतं, दोघं मिळून वाकून बघतात. वेळ मात्र तेही खातं.

मग सरळ बंदी का घालत नाही? एका मित्राची नजर खूप कमी आहे. हँडबुकातला बारीक टाइप त्याला वाचता येत नाही, स्क्रीनवर अक्षर मोठं करूनच तो खेळतो. बाकीच्यांचे लॅपटॉप बंद करून त्याचा एकट्याचा चालू ठेवला, तर तो अवघडेल आणि यायचंच बंद करेल अशी मला भीती वाटते.

विझर्डपुरता एक उपाय लागू पडला. नवव्या लेव्हलला तिचे चौदा स्पेल (मंत्र) तयार असतात. प्रत्येकाचा पल्ला, कालावधी, कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला लक्ष धरून ठेवणं) लागतं की नाही, हे मी कार्डांवर लिहून दिलं. आता ती पुस्तक क्वचितच उघडते.

'डीएम सांगेल ते तूर्तास धरा, नियम नंतर बघू' असंही करून पाहिलं. पण बेशुद्ध पडलेल्या आमच्या फायटरला (लढवय्या पात्राला) लांबून बाण लागला, तेव्हा मी डेथ सेव्हची दोन अपयशं धरली आणि तो मेला. (डेथ सेव्ह म्हणजे बेशुद्ध पात्र जगतं की मरतं हे ठरवणारे फासे; त्यात अपयशं साठली की पात्र मरतं.) घरी जाऊन फायटर खेळणाऱ्याने पुस्तक काढलं. दोन अपयशं पाच फुटांच्या आतून वार झाला तर, किंवा क्रिटिकल (खास जोरदार वार) बसला तर, एरवी एकच. चूक माझी होती. तेव्हापासून तो पुस्तक मांडीवर घेऊन बसतो, आणि त्याला 'मिटव' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुमच्या टेबलावर हे कसं सांभाळता? आणि मित्राला न दुखवता लॅपटॉपचा विषय काढायचा कसा?

प्रतिसाद

आधी त्या मित्राशी एकट्याशी बोला, सगळ्यांसमोर नको. तो अवघडेल हे तुम्हीच धरून चाललाय. त्याला विचारलंय का? आमच्याकडे एकीला असंच कमी दिसतं. तिच्यासाठी टॅबलेट आडवा ठेवतो आणि नियम बघायचं काम तिच्याकडेच दिलंय. कोणाला शंका आली की ती शोधते, मोठ्याने वाचते, बाकी कोणी काही उघडत नाही. दोन मिनिटांत नाही सापडलं तर डीएमचा शब्द. मात्र कोणाचं पात्र मरत असेल तर घड्याळ बघत नाही, सापडेपर्यंत थांबतो. तुमच्या फायटरला निदान एवढा शब्द द्या.